मान वळवलेला माणूस

“बाई, तुमच्या भिंतीवर आज सुट्टी हाय व्हय?”

मी बांबूच्या परांचीवर उभी होते, हातात कोळसा आणि अंगात बाबांचा जुना शर्ट. खाली पाहिलं तर पहिल्या पाळीची दहाबारा माणसं सायकली धरून भिंतीसमोर उभी. विचारणारा सगळ्यांच्या पुढे होता. रुंद खांद्यांचा, डोक्याला लाल पंचा गुंडाळलेला. बाकीचे गालातल्या गालात हसत होते.

“सुट्टी कशी?” मी म्हटलं. “माणसं कामाला लागलीत की सगळी.”

“मानसं लागल्यात वो. मशिनी कुटं लागल्यात?” त्याने बोट केलं. “त्यो लेथवरचा गडी हत्यार लावून उभा हाय, आनि पट्टा हाय रिकाम्या पुलीवर. म्हंजे मशीन बंद. बंद मशीनवर काय करालाय त्यो, जप? आनि तिकडं लॅडल टांगलंय पालथं. खाली दोघं पेटी धरून बसल्यात. वरनं काय पडनार, हवा?”

आता मात्र सगळे मोकळेपणाने हसले, आणि भोंगा झाला म्हणून सायकली ढकलत गेटातून आत गेले. मी परांचीवर तशीच राहिले. चार दिवस चौकोन पाडून, दोरी मारून, डोळ्यांत तेल घालून काढलेलं चित्र होतं ते. खोटं काही नव्हतं त्यात. जे पाहिलं तेच काढलं होतं.

आणि तिथेच माझी चूक होती. कारखाना मी एकदाच आतून पाहिला होता, खंडेनवमीला. त्या दिवशी सगळी यंत्रं धुऊनपुसून बंद ठेवतात, हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, आणि बाहेरच्या माणसाला आत यायला कोणी अडवत नाही. मी दिवसभर बसून वहीभर चित्रं काढली. माळा तेवढ्या गाळल्या आणि रिकाम्या जागी माणसं उभी केली. सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्याच्या घरात वाढलेली मी, मला वाटलं झालं.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. कोल्हापूरहून सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्याला माणगावकर फाउंड्री होती. ऑइल इंजिनांचे आणि साखर कारखान्यांचे ओतीव भाग तिथे व्हायचे. कारखान्याला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती आणि सव्वीस जानेवारीला मोठा समारंभ होता. गेटाबाहेर रस्त्याकडेची चाळीस फुटांची कोरी भिंत होती, तिच्यावर कारखान्याचं चित्र हवं होतं. काम खरं तर बाबांचं होतं. पण बाबांचा उजवा हात तोवर थरथरायला लागला होता. त्यांनी मॅनेजर जठारसाहेबांना सांगितलं, “पोरगी काढेल. माझ्यापेक्षा बरं काढते.” हे त्यांनी मला कधी तोंडावर सांगितलं नव्हतं. त्यामुळे ती भिंत माझ्यासाठी नुसती भिंत नव्हती. ती फसली असती तर ‘पेंटरची पोरगी’ म्हणून मला कोल्हापुरात दुसरी भिंत कोणी दिली नसती, आणि बाबांच्या शब्दालाही काही किंमत राहिली नसती.

त्या दिवशी मी वॉचमनकडून चुन्याची बादली मागितली आणि दुपारपर्यंत सगळी भिंत पांढरी केली. मग तशीच, चुन्याच्या हातांनी, जठारसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले.

“मला चालू कारखाना बघायचाय.”

साहेबांनी चष्मा वर केला. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला माणूस. शर्टाची इस्त्री कधी मोडलेली पाहिली नाही मी. “भट्टी चालू असताना लेडीजना शॉपमध्ये सोडत नाही आपण.”

“कोअर शॉपमध्ये बायका आहेत की कामाला.”

“त्या कामगार आहेत. तुम्हाला काही झालं तर मला कोण विचारणार? आणि एवढं काय बघायचंय? फोटो देतो मी तुम्हाला.”

“फोटोत आवाज नसतो. पट्टा कुठे असतो ते कळत नाही. तुमच्या माणसांनी आज माझी फजिती केली साहेब. सव्वीस जानेवारीला पाहुण्यांसमोर करतील ती तुमची असेल.”

साहेब थोडा वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. “आणि नाही सोडलं तर?”

“तर भिंत आत्ता आहे तशीच राहील. पांढरी छान दिसते.”

आज आठवलं की माझं मलाच नवल वाटतं. चोविशीत माणसाला आपण काय गमावू शकतो याचा अंदाज नसतो, तेच बरं असतं. साहेबांनी दोन दिवस दिले. बरोबर कोअर शॉपमधली एक बाई सतत राहील ही अट घातली, आणि पहिल्या दिवशी सांगितलेली अट पुन्हा सांगितली.

“चेहरा कुणाचाच नको. एकाचा काढला की दुसरा रुसतो. आणि काही चेहरे तर मला या गेटच्या आसपासही नकोत.”

शेवटच्या वाक्याचा मी तेव्हा काही विचार केला नाही.

बरोबर दिलेली बाई म्हणजे आक्काताई. पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू, ओतीव भाग आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात बसवायचे वाळूचे गोळे, म्हणजे कोअर, ती वीस वर्षं करत होती. माझा दंड धरून तिने मला शॉपच्या एका खांबाशी उभं केलं. “हितनं हलायचं न्हाई. रस आला की डोळे बारीक करायचे,” म्हणाली.

रस म्हणजे वितळलेलं लोखंड. भट्टीचं तोंड फोडलं आणि तो आला. मी सिनेमाच्या बोर्डांवर आगी पुष्कळ रंगवल्या होत्या, लालपिवळ्या. ही तशी नव्हती. जवळजवळ पांढरी होती आणि तिच्यापुढे बाकी सगळं काळं दिसत होतं, माणसं, खांब, छप्पर. साखळीला टांगलेलं मोठं लॅडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, भरलं, ते रुळावरून सरकत साच्यांच्या रांगेवर आलं आणि लाल पंचावाल्याने चाक फिरवून ते तिरपं केलं. त्याचं नाव मारुती खाडे. खाली साच्यांच्या पेट्यांशी दोन माणसं. तिघेही साच्याच्या तोंडाकडे टक लावून होते. साचा काठोकाठ आला की हात वर व्हायचा आणि मारुती लॅडल उलटं फिरवायचा. मी काढत होते. पट्टा कुठे आहे तेही पाहत होते.

दुपारच्या सुट्टीत मी मारुतीला म्हटलं, “रिकाम्या लॅडलपाशी जरा उभे राहा. मला नीट काढायचंय. ओतताय असे.”

तो उभा राहिला. चाकावर दोन्ही हात, मान खाली. मी काढायला लागले तोच भाकरी खाणाऱ्यांतून कोणीतरी म्हणालं, “तसं न्हवं रं.”

मारुतीने त्याच्याकडे पाहिलं. मग सावकाश मान वळवली. साच्याकडे पाठ फिरल्यासारखी, उजवीकडे, वर. डावा कान खाली आला.

“अजून,” दुसरा म्हणाला.

“डाव्या पायाची टाच उचल की. तो उचलायचा.”

“खांदा पाड. एवढा न्हाई.”

एकेक जण भाकरी ठेवून उठला. कोणी मारुतीचं कोपर धरून आत घेतलं, कोणी त्याच्या डोक्याचा पंचा सोडून डाव्या खांद्यावर टाकला. कोणी हसत नव्हतं. देवाला पोशाख चढवताना माणसं करतात तसं हळूहळू चाललं होतं. शेवटी सगळे दोन पावलं मागे सरले आणि बघत राहिले. मी भराभर काढत होते. ओतणारा माणूस आणि साच्याकडे बघतच नाही. मला ते फार आवडलं, पण पटलं नाही.

“सकाळपासून बघतेय,” मी म्हटलं, “तुम्ही सगळे ओतताना खाली बघता. असं तर कोणीच उभं राहत नाही. मग हा कोण?”

मारुतीने मान सरळ केली, पंचा परत डोक्याला गुंडाळला. ज्याने पहिल्यांदा ‘तसं न्हवं’ म्हटलं होतं तो डबा धुवायला निघून गेला. भोंगा झाला आणि सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

आक्काताईने मला कोअर शॉपमध्ये नेलं. वाळू मळता मळता, माझ्याकडे न बघता तिने सांगितलं.

“सत्याप्पा चौगले. पंधरा वर्सं त्या लॅडलवर हुता. ठिनगीनं त्याचा उजवा डोळा गेला, त्याला दहा वर्सं झाली. समद्यांला वाटलं आता ह्यो झाडू मारनार. तर गडी कानानं वतायला लागला. रस आत पडला की आदी खळखळतो, मग घोट घेतल्यावानी वाजतो, आनि भरत आला की मुका हुतो. ते त्याला ऐकू यायचं. ह्या भट्टीच्या दनक्यात. त्याचा एक साचा कवा सांडला न्हाई, का कवा अर्धा ऱ्हायला न्हाई. दोन डोळंवाल्यांचं ऱ्हायाचं.”

“मग आता कुठे आहेत ते?”

तिने कोअर उचलून फळीवर ठेवला. “मार्चमदी लॅडलची साखळी तुटली. पेटी धरनारा कल्लाप्पा खाली हुता. गुडघ्यापतोर पाय भाजला. सत्याप्पानं त्या साखळीचं तीन डाव लिवून दिलं हुतं हापिसात, कडी झिजल्या म्हनून. सरकारी सायेब चौकशीला आला तवा त्यानं तेच सांगितलं. कडी बदलायची सोडून साखळीला आदल्या सांजंला तार बांदल्याली, तेबी सांगितलं. मग कंपनीनं लिवलं, साखळी चांगली हुती, ह्या एका डोळ्याच्या मानसाला दिसलं न्हाई, त्यानं लॅडल आदळलं. त्याला काडून टाकलं.”

“आणि बाकीच्यांनी काय सांगितलं?”

आक्काताईचे हात थांबले. “कागद आला हुता. त्यात असंच लिवल्यालं. एकेकाला केबिनमदी बोलावलं. समद्यांनी सह्या केल्या. मी बी अंगठा दिलो.” तिने पदराने तोंड पुसलं, वाळू लागलेल्या हातानेच. “कोर्टात गेलाय तो. एकटाच जातोय तारखांस्नी.”

मला त्यांचा राग आला. अगदी मनापासून आला. मूग गिळून बसलेली ही सगळी माणसं, आणि दुपारी भाकरी ठेवून त्या माणसाची टाच किती उचलायची ते सांगत होती. दुसऱ्या दिवशी मी मारुतीला भट्टीमागे गाठलं आणि विचारलंच.

“तुम्ही सह्या करून मोकळे झालात. आणि आता माझ्या भिंतीवर आणून ठेवणार त्यांना? साहेबांनी ओळखलं तर चुना माझ्या भिंतीवर मारला जाईल, तुमच्या नाही.”

मारुती खाली बघत होता. “आमी तुमास्नी काडा म्हनालो न्हाई बाई,” तो म्हणाला. “तुमी उभं ऱ्हा म्हनालात, आनि आमास्नी तसंच उभं ऱ्हाता येतं. वतनारा म्हंजे तोच की. दुसरा कसा उभा ऱ्हानार?” मग म्हणाला, “आमास्नी तोंड ऱ्हायलं न्हाई. तुमच्याकडं भिंत हाय.”

मी घरी गेले, बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी माझी वही घेतली, थरथरत्या बोटाने ती मान, तो खांदा, ती टाच गिरवत राहिले. मला वाटलं, नको म्हणतील. ते म्हणाले, “टाचेचं वजन चुकलंय. अशी उचलली तर माणूस पुढे पडेल. नीट विचारून घे त्यांना.”

तेवढं मला पुरलं. काढायचं ठरलं. आणि काढायचं तर अर्धवट नाही, कुठल्याही आंधळ्यालासुद्धा कळावं की सत्याप्पा चौगले आहे, असं. फक्त त्या इस्त्रीच्या शर्टाला कळू नये.

पुढचा दीड महिना मी त्या भिंतीवर होते. डावीकडे भट्टी, मध्ये साच्यांची रांग, उजवीकडे लेथ, पट्टा अगदी चालत्या पुलीवर. आणि बरोबर मधोमध, लॅडलच्या चाकाशी, मान वळवून उभा असलेला माणूस. वर साखळी होती. तिच्या एका कडीला मी तार बांधली.

सकाळी पाळीवर येताना माणसं सायकलचा वेग कमी करायची. थांबायची नाहीत, कारण केबिनची खिडकी तिकडेच होती. जाता जाता एकच शब्द टाकून जायची. “टाच.” “कोपर आत.” “पंच्याची गाठ म्होरं.” एकजण तीन दिवस नुसता मान हलवत गेला आणि चौथ्या दिवशी म्हणाला, “हातावर वल्लं पोतं बांदायचा.” मी पोतं बांधलं. अंगठा दिलेल्या आक्काताईने एकदा भाकरी आणून दिली आणि म्हणाली, “डाव्या कानात बाळी हुती. बारीक.” सह्या केलेल्यांपैकी क्वचितच कोणी असेल जो त्या माणसात काही घालून गेला नाही.

पाच जानेवारीला, दुसऱ्या पाळीच्या वेळी, जठारसाहेब बाहेर आले. हात मागे बांधून भिंतीच्या एका टोकाकडून निघाले. भट्टीपाशी थांबले, छान म्हणाले. साच्यांपाशी थांबले. मग मधल्या माणसासमोर आले आणि तिथेच उभे राहिले. पाळी सुटून माणसं गेटातून बाहेर पडत होती. ती पाहता पाहता सगळी जागच्या जागी थांबली. मारुतीच्या सायकलीची घंटी कोणाचा तरी धक्का लागून वाजली, तेवढाच आवाज.

“हा माणूस खाली का बघत नाही?” साहेबांनी विचारलं.

मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला. “तोंड भाजतं साहेब. दोन फुटांवर लोखंड उकळतंय. बघा की तुम्ही एकदा जवळ जाऊन.”

साहेब हसले. “नको, नको.” पुन्हा बघत राहिले. त्यांनी सत्याप्पाला पाहिलं नव्हतं असं नाही. केबिनमध्ये, टेबलापलीकडे, हात जोडून सरळ उभा राहिलेला पाहिला होता. लॅडलपाशी उभा राहिलेला कधीच पाहिला नव्हता. दोन वर्षांत ते भट्टी चालू असताना शॉपमध्ये गेलेच नव्हते.

“छान आहे,” ते म्हणाले. “चेहराही दिसत नाही, मी म्हणालो होतो तसं. कष्ट दिसतात. ही एकच आकृती घेऊन निमंत्रणपत्रिका छापू आपण.”

मला हसू आवरण्यासाठी परांचीच्या पाठीमागे वाकून डबे आवरल्यासारखं करावं लागलं. मागे माणसं एकेक करून सायकलीवर बसली आणि निघून गेली.

समारंभ झाला. झेंडा लागला, फीत कापली, साहेबांनी भाषणात ‘या भिंतीवरचा अनामिक कामगार हाच आपल्या कारखान्याचा खरा चेहरा’ असं म्हटलं. कामगार मागे रांगेत उभे होते. टाळ्या त्यांनीच सगळ्यांत जास्त वाजवल्या. एकदा सुरू झालेल्या टाळ्या थांबेनात, तेव्हा साहेबांना वाटलं भाषण आवडलं. पत्रिका त्याआधीच गिऱ्हाइकांना गेल्या होत्या, पुण्यामुंबईला गेल्या होत्या. मला दोन भिंतींची कामं त्यावर मिळाली. सत्याप्पांच्या घरी कोणीतरी पत्रिका देऊन आल्याचं कानावर आलं. ते त्या रस्त्याने जात नाहीत, एवढंच आक्काताई म्हणाली.

मग जूनच्या अखेरीस एके दुपारी मारुती खाडे आमच्या बोर्ड रंगवायच्या दुकानात आला. पंचा डोक्याला नव्हता, धुतलेला शर्ट घातला होता. स्टुलावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “बाई, काल तारीख हुती. कंपनीनं साक्षीला आमास्नी नेल्यालं. कागदावर हाय तेच बोलायचं म्हनून.”

बाबांनीही हातातलं काम ठेवलं.

“कंपनीचा वकील म्हनला, ह्या मानसाला एक डोळा. त्याला नीट वतता येत न्हवतं, हे तुमाला ठावं हुतं का न्हवतं? मी व्हय म्हननार हुतो. बायकोपोरांची आन घिऊन गेलतो, व्हय म्हनायचं म्हनून. पर बाई, पाच म्हैनं झालं, रोज सकाळी त्याच्या म्होरनं आत जायचं, सांजंला त्याच्या म्होरनं भाईर यायचं. आनि तितं जाऊन खोटं बोलायचं. जीभच उचलंना.” त्याने खिशातून घडी केलेली निमंत्रणपत्रिका काढून काउंटरवर ठेवली. कडा मळल्या होत्या. “ही हुती खिशात. जजसाहेबांच्या टेबलावर ठेवली. म्हनलं, साहेब, ह्यो सत्याप्पा चौगले. कंपनीनंच छापलाय. वतता येत न्हवतं तर छापला कशाला?”

“मग?”

“जजसाहेब म्हनले, ह्यात तर तोंडच दिसत न्हाई. तुमी ओळखलं कशावरनं? मी म्हनलं, तोंड आमी कवा बगितलंय साहेब? पंधरा वर्सं तो वर वतत हुता आनि आमी खाली पेट्या धरत हुतो. आमी ही मानच बगितलीया. जठारसाहेब उठून म्हनले, हे काल्पनिक चित्र हाय, कुनाचंच न्हाई. मग जजसाहेबांनी साक्षीला आल्याल्या बाकीच्यांस्नी एकेकाला आत बोलवलं, कार्ड दावलं, आनि इचारलं ह्यो कोन. भाईर आमी काय ठरवलं न्हवतं बाई, तुमची शपथ. समद्यांनी एकच नाव घेतलं. आनि नाव घेतल्यावर साखळीचं सांगायला काय अवघड न्हाई ऱ्हायलं.”

बाबांनी उठून मारुतीसाठी चहा सांगितला.

निकाल लागायला आणखी चार महिने गेले. सत्याप्पांना परत कामावर घ्यावं असा हुकूम झाला. भिंतीवर चुना मारावा असं साहेबांच्या मनात फार होतं म्हणे. पण मारायचा तर मालक माणगावकरांना कारण सांगावं लागणार, आणि ‘कारखान्याचा खरा चेहरा’ हे त्यांचे स्वतःचे शब्द पेपरात छापून आले होते. भिंत राहिली. मारुती आणि आणखी चौघांना पगारवाढ मिळाली नाही त्या वर्षी. त्याबद्दल मारुतीने माझ्याकडे कधी अवाक्षर काढलं नाही.

सत्याप्पा कामावर येणार त्या सकाळी मी तिथे गेले. न जाणं शक्यच नव्हतं. ज्या माणसाची टाच, कोपर, कानातली बाळी मला पाठ होती त्याला मी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

पहिल्या पाळीची माणसं गेटाबाहेर उभी होती, भोंग्याला वेळ होता. वळणावरून एक बारकासा, वाळलेला माणूस सायकलवर आला. मी भिंतीवर त्याला चांगला दीडपट मोठा काढला होता. त्याने सायकल स्टँडवर लावली. कोणी पुढे झालं नाही. मारुती मान खाली घालून उभा होता, आक्काताईने पदर तोंडाला लावला होता. आपण जिच्यावर सही केली त्या गोष्टीबद्दल माणसाला काय बोलायचं असतं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

सत्याप्पा सगळ्यांवरून एक डोळा फिरवून भिंतीकडे गेले. अगदी जवळ गेले. भट्टी पाहिली, पट्टा पाहिला, वरच्या साखळीची तार पाहिली. मग आपल्याकडे पाहिलं. किती वेळ कोण जाणे.

“टाच एवढी उचलत न्हवतो मी,” ते म्हणाले.

“उचलायचास,” मागून मारुती म्हणाला. “तुला काय दिसतंय? आमी बगायचो.”

सत्याप्पा वळले नाहीत. त्यांनी डावा हात भिंतीवर, रंगवलेल्या चाकावर ठेवला. मान वळली, उजवीकडे, वर. खांदा पडला. डाव्या पायाची टाच उचलली गेली, मी काढली होती तेवढीच. कान साच्यावर आला. आम्ही सगळे, मीसुद्धा, श्वास धरून उभे राहिलो, जणू त्या भिंतीत खरंच काही वाजत होतं.

“काय ऐकू येतंय मामा?” कोणीतरी हळूच विचारलं.

“भरला न्हाई अजून,” सत्याप्पा म्हणाले. “थांबू नगा. वतत ऱ्हावा.”

भोंगा झाला. ते सायकल घेऊन गेटातून आत गेले, आणि त्यांच्यामागून सगळे.